बोअरचं पाणी, दोन फुटी टाकी आणि 'सगळ्यांना चालेल असं एक खाद्य'

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. परभणीला राहता, लेकीच्या वाढदिवसाला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी आणली. दुकानदाराने रंग बघून मासे दिले: दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार टायगर बार्ब, सहा निऑन टेट्रा आणि 'काच साफ करायला' एक सकर. दीड महिन्यात सगळे निऑन गायब झाले, मेलेला मात्र एकही दिसला नाही. गोल्डफिशच्या शेपट्या चिंध्या झाल्यात. पाणी बोअरचं आहे. आता तुम्हाला हवंय की यातले कोणते मासे एकत्र राहतील, आणि सगळ्यांना चालेल असं एक खाद्य कोणतं.

निऑनचा शोध थांबवा, ते एंजलच्या पोटात गेले. रात्री दिवा घालवला की निऑन एका जागी निपचित राहतो, त्याचा रंगही उतरतो. एंजल पहाटेच्या अंधुक उजेडात फिरायला लागतो. ज्याच्या तोंडात जो मावतो तो त्याचा घास, यात एंजलचा काही दोष नाही. शेपट्या कुरतडणारे टायगर बार्ब. आठ-दहाचा थवा असला तर ते आपापसात पळापळी करतात. चारच असले की दिवसभर दुसऱ्याच्या मागे लागतात, आणि लांब शेपटीचा, हळू चालणारा गोल्डफिश त्यांना आयताच मिळतो. इथवर कोणीही सांगेल.

मी लातुरात २२ वर्षं लोकांच्या घरच्या टाक्या बसवतो आणि बिघडलेल्या सुधारून देतो. कोणाचं कोणाशी पटतं याचे तक्ते माझ्याकडेही आहेत, पण कोणाच्या घरी गेलो की तो तक्ता मी शेवटी काढतो. आधी खिशातला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे किती मिलिग्रॅम ते दाखवणारं यंत्र, काढून स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरतो. मासे एकमेकांना जुळायच्या आधी तुमच्या नळाला जुळले पाहिजेत, आणि मे महिन्याला.

आपल्याकडचा दगड काळा, बेसाल्टचा. बोअरचं पाणी त्याच्या भेगांतून येतं आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. गिझरच्या कॉइलवर, कुकरच्या तळाला, बाथरूमच्या तोटीला जो पांढरा थर चढतो तो हाच. माझ्या घरच्या बोअरचा टीडीएस पावसाळा संपल्यावर ६०० च्या आसपास असतो, मेमध्ये ११०० दाखवतो. निऑन मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या ओढ्यांत पालापाचोळा कुजून पाणी चहासारखं झालेलं असतं, आणि क्षार त्यात जवळजवळ नसतातच. बाजारात येणारे निऑन बहुतेक फार्मवर वाढलेले असतात आणि मध्यम कठीण पाणी सोसतात, हे खरं आहे. पण सोसणं वेगळं. पहिल्या महिन्यात सगळे ठणठणीत असतात, मग दर आठवड्याला एक कमी होतो, आणि माणूस म्हणतो आजार आला.

याच पाण्यात मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि गप्पी मजेत राहतात. पहिले तिघे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे, गप्पी दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाचा. क्षारांचं पाणी त्यांना मानवतं. गप्पी तर तुम्ही आधीच बघितलाय. आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात ना, तोच. दुकानात पिसाऱ्यासारखी शेपटी घेऊन फिरतो तो त्याचा नटलेला भाऊ.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे सात टाक्या होत्या. गल्लीतल्या बाया रात्री दोनला घागरी लावून टँकरची वाट बघतायत आणि मी माशांचं पाणी बदलतोय, हे मनाला पटेना. सहा टाक्या रिकाम्या केल्या, मासे ज्यांच्याकडे पाणी होतं त्यांना वाटले. एक ठेवली, मॉलीची. दोन महिने तिचं पाणी बदललं नाही, नुसतं आटलेलं तेवढं भरलं आणि खाद्य तिसऱ्या दिवशी एकदा, चिमूटभर. नऊ मॉली होत्या, नऊच्या नऊ जगल्या. इतरांनी असं करा असं मी म्हणत नाही. पण त्या टाकीने मला दोन गोष्टी शिकवल्या: पाणी मानवणारा मासा हाल काढतो, आणि खाद्य कमी असेल तर पाणी फार काळ टिकतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमच्या खाद्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तीच आहे.

त्याआधी उन्हाळ्याचं सांगून टाकतो. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मुरतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, ३५ ला ७ च्याही खाली. त्याच वेळी माशाचं शरीर जास्त मागत असतं. त्यात दुपारी लाइट गेली की हवेचा पंप बंद. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात मासे मरतात ते बहुतेक दुपारी लाइट गेल्यावर, नाहीतर पहाटे. त्यावर उपाय साधा आहे: हवेवर चालणारा स्पंज फिल्टर लावा आणि त्याचा पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. दोन-चार वॅटचा पंप, इन्व्हर्टरला कळतही नाही. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाका आणि लहान पंखा पाण्यावर तिरका मारा. आपली मेची हवा कोरडी, म्हणून जसा कूलर चालतो तसंच हेही चालतं, पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, एका तासात पाच अंश खाली आणि पुन्हा वर हे उन्हापेक्षा वाईट. पंख्याने पाणी आटेल ते मात्र आरओच्या पाण्याने भरा. आटतं ते पाणी, क्षार टाकीतच राहतात. रोज बोअरचं ओतत गेलात तर महिन्याभरात टाकीचा टीडीएस बोअरच्याही वर जातो.

थंडीत उलटं. परभणीचा पारा एक आकडी होतो हे मी तुम्हाला काय सांगणार! ५० वॅटचा हीटर लागेलच.

आता तुमच्या टाकीत कोण? दोन बाय एक बाय एक फूट म्हणजे काठोकाठ ५६ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडून धरा ४५. एवढ्या पाण्यात दोन गोल्डफिश एकटेच भारी पडतात. तो थंड पाण्याचा मासा, दिवसभर खातो आणि तितकीच घाण करतो, बाकीच्या उष्ण पाण्याच्या माशांत त्याला घालायलाच नको होतं. एंजलला एक फूट उंची पुरत नाही. त्याची अंगाची लांबीच सहा इंचांपर्यंत होते, वरखालचे पर धरले तर उंची त्याहून जास्त. सकर आज बोटाएवढा असेल, पण तो फूटभराच्या पुढे जातो. मोठा झाला की काच सोडून रात्री चपट्या, सुस्त माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटायला लागतो. आणि कंटाळलात म्हणून त्याला दुधनेत किंवा पूर्णेत सोडू नका. उजनीच्या मासेमारांच्या जाळ्यांत हाच सकर येतो, जाळी फाडतो, बाजारात कोणी घेत नाही.

नळाचा टीडीएस ४००–५०० च्या वर असेल, आणि बोअर म्हटल्यावर असेलच, तर मी तुमच्या जागी पाच प्लॅटी घेईन, एक नर आणि चार माद्या. दोन आठवड्यांनी सहा गप्पी, सगळे नर. गप्पीच्या माद्या नकोत, महिन्यामहिन्याला पिल्लं टाकतात आणि सहा महिन्यांत टाकीत जत्रा भरते. प्लॅटीलाही पिल्लं होतील, पण त्यातली बरीच मोठे मासेच खातात, वाचतील तेवढी लेकीला शाळेतल्या मैत्रिणींना देता येतील. तळाला एक मिस्ट्री स्नेल ठेवा. मऊ पाण्यात गोगलगाईचं कवच झिजतं, आपल्या पाण्यात मस्त राहतं. मॉली घ्यायची असेल तर गप्पीच्या ऐवजी घ्या आणि तीनच, ती चांगली मोठी होते. झेब्रा डॅनियोही काटक आहे, आपल्याच देशातला, पण गप्पीच्या शेपटीला तोंड लावतो आणि उडीही मारतो. तो आणायचा तर गप्पी नको.

घरी महापालिकेचं, धरणाचं पाणी येत असेल आणि मीटर २०० ते ३०० दाखवत असेल तर गणित बदलतं. मग हनी गुरामीची जोडी बघा. ही मूळची गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पुराच्या दलदलीतली. कल्ल्यांच्या जोडीला वरून तोंडाने हवा घ्यायची सोयही तिला आहे, त्यामुळे लाइट गेल्यावर सगळ्यांत शेवटी तीच घाबरते. निऑन तेव्हाही मी देणार नाही. ३३–३४ अंशांच्या टाकीत तो सुखी राहिलेला मी पाहिला नाही. काही जण नुसत्या आरओच्या पाण्यात मासे ठेवतात. तसं करू नका, त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच (७ च्या खाली पाणी आम्लाकडे, वर अल्कलीकडे) कधीही कोसळतो. नळाचं आणि आरओचं मिसळायचं तर एका आठवड्याला नाही, कायम एकाच प्रमाणात मिसळता आलं पाहिजे, आणि सणावाराच्या धावपळीत ते होत नाही हा माझा अनुभव.

आता खाद्य. 'सगळ्यांना चालेल असं एक' असं विचारलंत, तर हो, चालतं. बारीक दाण्याचं, हळूहळू बुडणारं चांगल्या कंपनीचं उष्णकटिबंधी माशांचं पेलेट घ्या, रोजची भाकरी म्हणून ते पुरे. खरी अडचण अशी की दाणा कोणता यापेक्षा तो कोणाच्या तोंडी पडतो हे बघावं लागतं. गप्पी, मॉली, प्लॅटी यांचं तोंड वर वळलेलं असतं, ते पाण्याच्या वरच्या थरातून टिपतात. बार्बचं तोंड समोर, अधेमधे पडणारा दाणा त्याचा. तळातल्यांचं तोंड खाली, आणि त्यांच्यापर्यंत काही पोहोचायच्या आत वरचे उरकून मोकळे झालेले असतात. लोक मला सांगतात, भाऊ, तळातले मासे काही मागत नाहीत. मागत नाहीत कारण त्यांना मिळतच नाही. पुढच्या वेळी खाद्य टाकाल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून दोन मिनिटं काचेसमोर बसा आणि प्रत्येक माशाने किती घास घेतले ते मोजा. ज्याने एकही घेतला नाही त्याचं पोट खालून आत गेलेलं दिसेल. तळाला गोगलगाय असेल तर दिवा घालवल्यावर अर्धी बुडणारी गोळी टाका, तिचं पोट त्यावरच भरतं.

प्लॅटी आणि मॉलीचं आतडं लांब, त्यांना हिरवं लागतं. आठवड्यातून दोनदा उकडलेला वाटाणा, साल काढून, बोटांनी चिरडून. नाहीतर गरम पाण्यातून काढलेलं पालकाचं पान दोऱ्याने दगडाला बांधून टाका, सकाळी शिरा तेवढ्या उरतात. नुसत्या ब्लडवर्मवर, म्हणजे लाल अळ्यांवर, ठेवलेली मॉली फुगते, तिच्या मागे पांढरा दोरा लोंबताना दिसतो. ब्लडवर्म मेजवानी म्हणून, आठवड्यातून एकदा, गोठवलेलं. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे दोऱ्यासारखा लाल किडा, घेऊच नका. तो गटाराच्या गाळातून येतो आणि काय काय बरोबर आणतो ते नंतर कळतं. सुट्टं खाद्य पिशवीत मोजून देतात तेही टाळा. उघड्या डब्यातलं जीवनसत्त्व महिन्यांत उडून जातं, आपल्या उन्हात तर लवकरच. लहान डबा घ्या, तीन-चार महिन्यांत संपेल असा.

आणि किती? नांदेडला एका घरी बोलावलं होतं. टाकीचं पाणी ताकासारखं पांढरं, वर फेस, वाळूला हात घातला तर खालून सडक्या अंड्यांचा वास. घरातले आजोबा रोज सकाळी गोदावरीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकायचे आणि घरी येऊन तेच टाकीत. वर संध्याकाळी मूठभर मुरमुरे. त्यांच्यासाठी ते पुण्याचं काम, त्यांना 'टाकू नका' कसं सांगणार! नदीत वाहतं पाणी आहे, खाणारे शेकडो आहेत, टाकीत पाच मासे आणि ४० लिटर. मी त्यांच्या हातात एक वाटाणा दिला आणि म्हटलं, आजोबा, रोज हा अर्धा, तुमच्याच हाताने. ते तेव्हापासून मोजून अर्धा वाटाणा घालतात आणि उरलेला अर्धा स्वतः खातात. टाकी महिन्याभरात स्वच्छ झाली.

आपल्याकडे जास्त खाद्य इतकं महागात का पडतं ते नीट समजून घ्या, कारण यातच पाणी आणि खाद्य एकत्र येतात. उरलेलं खाद्य आणि माशांची घाण यातून अमोनिया सुटतो. त्याचा खरा विषारी भाग किती, हे पीएच आणि उष्णता ठरवतात. पीएच ७ आणि २५ अंश असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो, आणि पाणी तापलं की आणखी वर. बोअरच्या टाकीचा पीएच ८ च्या आसपास असतो. म्हणजे मऊ, गार पाण्याच्या गावात जी चूक टाकी पचवते, ती आपल्याकडे दहापट जड जाते. म्हणून एका वेळी दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा, ३२ अंशांच्या वर पाणी गेलं की एकदाच आणि सकाळी. आठवड्यातून एक दिवस उपास. एकादशीला जोडून दिला की लक्षात राहतो, महिन्यात दोन तर नक्की होतात, बाकीचे दोन तुम्ही ठरवा.

गावाला जाताना शेजाऱ्याला डबा देऊन जाऊ नका. मी एकदा उदगीरला लग्नाला गेलो, शेजारच्या पोराला डबा दिला. त्याने प्रेमाने चार दिवसांचं दोन दिवसांत घातलं, आलो तेव्हा अर्धी टाकी वर तरंगत होती. आता कागदाच्या पुड्या करून ठेवतो, एका दिवसाची एक. तीन-चार दिवसांसाठी तर तेवढंही नको, मोठे मासे उपाशी मरत नाहीत.

तुमच्या टाकीचं तातडीने काय करायचं? टायगर बार्ब आणि सकर आधी दुकानात परत द्या, बहुतेक दुकानदार बदल्यात दुसरे मासे देतात. गोल्डफिशही द्या, ज्याच्याकडे चार फुटी टाकी असेल त्याला. एंजल मात्र प्लॅटी आणायच्या दिवशीच द्या. टाकी पूर्ण रिकामी चालवली तर अमोनिया पचवणारे जिवाणू, जे बसायला तीन ते सहा आठवडे लागतात, उपाशी मरतात आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर येता. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. पालिकेच्या नळाखाली धुतलात तर क्लोरीनने तेच जिवाणू जातात. बोअरचं ताजं पाणी लगेच टाकीत ओतू नका, बादलीत रात्रभर हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा) सोडून ठेवा. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला, माझ्याकडे कढीपत्ता त्यावरच वाढलाय.

नवीन मासे आणलेत की पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग दर दहा मिनिटांनी पेलाभर टाकीचं पाणी पिशवीत, तासभर. दुकानाच्या पाण्याचा टीडीएस आणि तुमचा यात ४००–५०० चा फरक निघू शकतो, एकदम सोडलेला मासा दोन दिवसांनी मरतो आणि कारण कळत नाही. मासे टाकीत सोडताना पिशवीतलं पाणी गटारात.

टीडीएस मीटर दोन-तीनशेला मिळतो. थेट बोअरचं, हौदातलं आणि आज टाकीत आहे ते, अशी तिन्ही पाणी मोजा आणि आकडे मला कळवा. टाकीतला आकडा बोअरपेक्षा बराच जास्त निघाला तर मासे बदलायच्या आधी दर तिसऱ्या दिवशी दोन-दोन तांबे पाणी बदलत तो खाली आणावा लागेल, तेव्हा प्लॅटी घ्यायला अजून पंधरा दिवस थांबा.